बग्जला मदत कशाला हवी होती?

फ्रिझ फ्रेलेंग यांच्या 1946 सालच्या ‘बेसबॉल बग्ज’ या कार्टूनमध्ये एक अगदी विजोड सामना रंगतो. एका बाजूला ‘गॅस-हाउस गोरिलाज’ हा दांडगटांचा संघ: दाढीचे खुंट, तोंडात सिगार, पंचावरही हात टाकायला न कचरणारे. समोर हाडांची काडं झालेले म्हातारे. गोरिला चेंडू टोलवत सुटतात आणि रांगेने नाचत मैदानाला फेऱ्या मारतात. मैदानातल्या बिळातून बग्ज बनी हे पाहतो, टोमणे मारतो, मी एकटाही तुम्हाला लोळवीन असं ऐकवतो, आणि गोरिला त्यालाच खेळायला उभं करतात. मग चेंडू टाकणारा तोच, झेलणारा तोच, ओरडून स्वतःला शाबासकी देणाराही तोच. एक चेंडू तो इतका संथ सोडतो की तीन फलंदाज त्या एकाच चेंडूवर बॅट फिरवून फिरवून पाठोपाठ बाद होतात. शेवटचा फटका शहरापार निघतो तेव्हा बग्ज टॅक्सी पकडतो, गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर पोहोचतो, ध्वजस्तंभावर चढतो आणि हातमोजा हवेत भिरकावून झेल घेतो. साताठ मिनिटांत खेळ खलास.

पन्नास वर्षांनी, 15 नोव्हेंबर 1996 रोजी, वॉर्नर ब्रदर्सचा ‘स्पेस जॅम’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातही समोर राक्षसी दांडगट आहेत, फक्त खेळ बास्केटबॉलचा. बग्जही तोच आहे, दिसायला तरी तोच. यावेळी मात्र तो हादरतो आणि मदतीसाठी मायकल जॉर्डनला जमिनीखाली ओढून आणतो. हा चित्रपट माझ्या लहानपणाचा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण या दोन सामन्यांमधलं अंतर एकदा दिसलं की त्याकडे काणाडोळा करता येत नाही. जुन्या कार्टून-पात्रांचं मोठ्या पडद्यावर पुढे जे झालं, त्याचं मूळ मला या अंतरातच दिसतं.

आधी जे भावतं त्याविषयी. चित्रपट सुरू होतो 1973 सालच्या एका रात्री. लहानगा मायकल अंगणात एकटाच बास्केटमध्ये चेंडू टाकत बसलाय, वडील बाहेर येतात, झोपायला चल म्हणतात, आणि मग तेही तिथेच रेंगाळतात. मुलगा स्वप्नं सांगतो: नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळायचं, मग एनबीएत, मग वडिलांसारखं बेसबॉल, आणि त्यानंतर उडायचं. खरे वडील, जेम्स जॉर्डन, यांचा जुलै 1993 मध्ये खून झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात जॉर्डनने कीर्तीच्या शिखरावर असताना बास्केटबॉल सोडलं आणि 1994 साली तो बर्मिंगहॅम बॅरन्स या दुय्यम दर्जाच्या बेसबॉल संघाकडून खेळायला लागला. मार्च 1995 मध्ये तो परतला. ‘स्पेस जॅम’ची कथा नेमकी या मधल्या काळात बसवलेली आहे. चेंडू हुकल्यावर हसून घेणारा, प्रतिस्पर्ध्यांनीच सांभाळून घेतलेला, आपल्या जागी नसलेला हा माणूस पडद्यावर अवघडलेला दिसतो, आणि ते अवघडलेपण खरं आहे. जॉर्डन नट नाही. पण हवेशी बोलायला लावलेल्या माणसाकडून जेवढं मिळू शकतं, त्याहून त्याने जास्त दिलंय. हिरव्या पडद्यांच्या खोलीत, हिरवे कपडे घातलेल्या कलाकारांना चुकवत तो खेळला, कार्टून नंतर काढली गेली. चित्रीकरणाच्या त्या उन्हाळ्यात स्टुडिओच्या आवारात त्याच्यासाठी सरावाचं कोर्ट उभारलं होतं आणि संध्याकाळी एनबीएतले खेळाडू तिथे खेळायला यायचे. पुढच्याच हंगामात शिकागो बुल्सने 72 सामने जिंकले आणि 10 हरले.

आणि ते हातचं काम! बग्ज आणि डॅफी जॉर्डनचे बूट आणि विद्यापीठाच्या दिवसांतली चड्डी आणायला त्याच्या घरात शिरतात, तो प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकेन. दोन चितारलेली पात्रं खऱ्या गालिच्यावरून चालतात, खऱ्या दारांमागे दडतात, खऱ्या कुत्र्याला बिचकतात. त्यांच्या अंगावर खोलीतल्या उजेडाप्रमाणे सावली चढवली आहे, कडा गोलसर केल्या आहेत, त्यामुळे ती तिथे उभी असल्याचा भास होतो. अ‍ॅनिमेशनचं हे काम अनेक स्टुडिओंत वाटून, घाईघाईत झालं. तरीही ब्रूस स्मिथ आणि टोनी सर्व्होन यांच्या देखरेखीखालच्या चित्रकारांनी पात्रांच्या हालचालींत जान ओतली. हाताने काढलेली आकृती हलत्या कॅमेऱ्यात बसवायची म्हणजे कोन बदलेल तशी ती पुन्हा पुन्हा काढायची. संगणकातला तयार पुतळा फिरवण्याइतकं ते सोपं नाही.

याच प्रसंगात डॅफी बग्जला विचारतो की आपली चित्रं कपांवर, टी-शर्टांवर, डब्यांवर छापून विकतात, त्यातला एक पैसा तरी कधी तुझ्या हातात पडला का? बग्जचं उत्तर अर्थातच नाही असं आहे. मला हा चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक संवाद वाटतो. कथेतला खलनायक स्वॅकहॅमर हा परग्रहावरच्या एका बुडत्या मनोरंजन-उद्यानाचा मालक आहे. गिऱ्हाईक हटलंय, नवं काही सुचत नाही, म्हणून त्याला पृथ्वीवरची जुनी, नामांकित पात्रं धरून आणून खेळाला जुंपायची आहेत. वॉर्नरलाही 1996 साली या पात्रांकडून याहून फार वेगळं काही हवं नव्हतं. लिहिणाऱ्यांना हे कळत होतं आणि त्यांनी ते डॅफीच्या तोंडी घातलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. फक्त ते तिथेच थांबले, ही माझी तक्रार आहे.

या चित्रपटावरचा नेहमीचा आरोप असा की तो मुळात बुटांची जाहिरात आहे. यात तथ्य आहे. नायकेने 1992 च्या सुपर बोलसाठी बग्ज आणि जॉर्डनला एकत्र आणणारी जाहिरात केली, ती जो पिटका यांनी दिग्दर्शित केली होती, आणि चित्रपटाचं दिग्दर्शनही त्यांच्याकडेच आलं. पण धंद्यासाठी जन्माला आलेली गोष्ट वाईटच असते, हे मला पटत नाही. वॉर्नरची ‘मेरी मेलडीज’ ही मालिका सुरुवातीला स्टुडिओच्या मालकीच्या गाण्यांचा खप वाढवण्यासाठीच काढली होती. टेक्स एव्हरी, बॉब क्लॅम्पेट, चक जोन्स ही मंडळी ज्या मोडक्या इमारतीत बसायची, तिला तेच ‘टर्माइट टेरेस’ म्हणायचे, इतकी ती वाळवीने खाल्लेली. मुख्य चित्रपटाआधी दाखवायचा भरणा, एवढीच त्यांच्या कामाची किंमत होती. तरीही त्या भरण्यातूनच 1957 सालचं ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ आलं, जे 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेलं. तेव्हा पैशाचा विटाळ इथे कुणालाच नव्हता.

खोट आहे ती पात्रांच्या स्वभावाशी केलेल्या तडजोडीत. बग्जबाबत चक जोन्स यांचा एक दंडक होता: तो आपणहून कुणाची कळ काढत नाही, पण कळ काढणाऱ्याला सोडत नाही. त्याची सगळी गंमत त्याच्या थंडपणात आहे. समोर बंदूक रोखलेली असते आणि हा गाजर चघळत चौकशी करतो. त्याला घाई नसते, भीती नसते, असलीच तर ती नाटकी असते. ‘स्पेस जॅम’च्या पहिल्या भागात हा बग्ज काही काळ भेटतो. पाच चिमुकले परग्रहवासी बंदुका घेऊन येतात, तेव्हा तो त्यांना गोड बोलून पटवतो की कैद करण्याआधी आम्हाला बचावाची संधी देणं हा नियम आहे, आणि त्यांची उंची पाहून मुद्दाम बास्केटबॉल निवडतो. हा अस्सल बग्ज. पण ते पाच जण चार्ल्स बार्कली, पॅट्रिक युइंग, मग्सी बोग्स, लॅरी जॉन्सन आणि शॉन ब्रॅडली यांचं कसब चोरून राक्षस होऊन परततात आणि त्या क्षणी बग्ज हात टेकतो. एल्मर फडला, योसेमाइट सॅमला, गोरिलांच्या अख्ख्या संघाला आयुष्यभर नाचवणाऱ्याला हे अजिबात शोभत नाही. चक जोन्स यांनी या चित्रपटाविषयीची नाराजी उघड बोलून दाखवली होती, त्यात नवल वाटत नाही.

दुसऱ्या भागात बग्ज फक्त एकदा स्वतःसारखा वागतो. मध्यंतरापर्यंत संघ पार धुतला गेलाय, सगळे लोळागोळा होऊन पडलेत, तेव्हा तो नळाचं पाणी बाटलीत भरतो, तिच्यावर जॉर्डनच्या गुप्त औषधाची चिठ्ठी चिकटवतो आणि ती संघात फिरवतो. सगळे फुशारून उठतात. ही खरी लबाडी, शहाणी आणि फुकटातली. पण सामन्याचा निकाल त्या लबाडीवर लागत नाही. शेवटच्या क्षणी जॉर्डन उडी घेतो, राक्षस त्याला लटकतात, आणि त्याचा हात रबरासारखा ताणत ताणत बास्केटपर्यंत जातो. कार्टूनच्या जगाचा कायदा, जो बग्ज-डॅफीचा जन्मसिद्ध हक्क, तो मोक्याच्या वेळी माणसाला बहाल होतो आणि पात्रं टाळ्या वाजवायला बाजूला उभी राहतात. लहानपणी तो हात पाहून आम्ही किंचाळलो होतो. आजही तो क्षण अंगावर येतो. आणि आज तोच क्षण मला सर्वांत जास्त सलतो.

दुसरी उणीव वेळेची. रोड रनरचा पाठलाग करणारा कायोटी कड्यावरून पडतो, तेव्हा तो ठिपका होऊन दिसेनासा व्हायला 18 फ्रेम आणि त्यानंतर खाली धुळीचा ढग उठायला 14 फ्रेम, असा जोन्स यांचा हिशेब होता. सेकंदाला 24 फ्रेम. म्हणजे सव्वा सेकंदाहून जरा जास्त चालणाऱ्या पडण्यातही एक विराम मोजून ठेवलेला. कार्ल स्टॉलिंग यांचं संगीत, ट्रेग ब्राउन यांचे आवाज आणि मेल ब्लँक यांचा गळा हे सगळं त्या मोजणीवर बसवलेलं असायचं. गाण्यात तबल्याची सम चुकावी तसं या विनोदाचं आहे, दोन फ्रेम इकडे-तिकडे झाल्या की हसू विरतं. ‘स्पेस जॅम’मध्ये सामन्याचा वेग टिकवायचा म्हणून विनोद एकमेकांच्या पाठीवर आपटत येतात. प्रत्येक पात्राला एकेक ओळ, एकेक कोलांटी, की पुढचं पात्र हजर. डॅफी अपमान गिळून फुगेपर्यंत आपण त्याच्याकडे पाहतच नाही. ‘रॅबिट फायर’ आणि त्यानंतरच्या दोन शिकार-कार्टूनांत डॅफीची चोच बंदुकीच्या बाराने फिरते, मग तो शांतपणे ती जागेवर बसवतो, मग बग्जकडे पाहतो. त्या पाहण्यात सगळं आहे, आणि त्या पाहण्याला वेळ लागतो.

लोला बनीविषयीही बोललंच पाहिजे, कारण ती याच चित्रपटातून आली. खेळात ती इतर सगळ्यांपेक्षा सरस आहे, कुणी लाडीगोडीने बोललं तर खडसावते. लहान मुलींना तिच्यात जे दिसलं ते मोलाचं होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यात एकही खोड नाही. डॅफी हावरट आणि मत्सरी, पोर्की अडखळणारा, एल्मर भोळा, सॅम संतापी. या जगात माणूस, म्हणजे प्राणी, त्याच्या खोडीने ओळखला जातो. लोलाला शरीर दिलं, कसब दिलं, विनोद दिला नाही. तो 2011 च्या ‘द लूनी ट्यून्स शो’मध्ये मिळाला, जिथे क्रिस्टन विगच्या आवाजात ती थांबता थांबत नाही अशी बडबडी झाली, आणि पहिल्यांदा तिच्यामुळे हसू आलं.

माणसं आणि कार्टून एका चौकटीत आणायची तर स्वभाव बाजूला ठेवावेच लागतात, असं कुणी म्हणेल. 1988 सालचा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ हे त्याला उत्तर आहे. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि रिचर्ड विल्यम्स यांनी अ‍ॅनिमेशन सांभाळलेल्या या चित्रपटात डिस्नेचा डॉनल्ड आणि वॉर्नरचा डॅफी समोरासमोर पियानो वाजवतात. प्रसंग लहानसा, पण दोघेही आपापल्या स्वभावाने भांडतात. शिवाय तिथे नियम पाळला जातो: बॉब हॉस्किन्सच्या गुप्तहेराला शेवटी जिंकायचं असतं तेव्हा त्याला खरीखुरी विदूषकी करून शत्रूंना हसवावं लागतं. माणूस कार्टूनच्या पातळीवर येतो, त्यासाठी त्याला कष्ट पडतात. जॉर्डनला हात लांबवायला काहीच पडत नाही.

मग जुन्या आणि नव्या बग्जमधला हा फरक आम्हाला तेव्हा का जाणवला नाही? भारतात कार्टून नेटवर्क 1995 साली आलं, तेव्हा ती वाहिनी दिवसा कार्टून दाखवायची आणि रात्री तिच्याच जागी टीएनटीचे इंग्रजी चित्रपट सुरू व्हायचे. पुण्या-मुंबईतल्या, पुढे लहान गावांतल्याही केबल असलेल्या घरात शाळेतून आल्यावर जे लागलेलं असेल ते पोरं बघायची. 1946 चं कार्टून, 1953 चं कार्टून, हॅना-बार्बेराची साठीतली मालिका, सगळं एकाच ताटात, सालाविना. दूरच्या देशातल्या पन्नास वर्षांचा इतिहास आमच्यासाठी एकाच दुपारी घडत होता. बास्केटबॉलचं म्हणाल तर क्रिकेटवेड्या घरांत जॉर्डन कोण हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. माझ्या ओळखीच्या कित्येकांना तो आधी बग्जचा दोस्त म्हणून माहीत झाला, खेळाडू म्हणून नंतर. अमेरिकन मुलांसाठी जॉर्डनने बग्जला पुन्हा मोठं केलं असेल, आमच्याकडे बग्जने जॉर्डनला ओळख दिली. म्हणून आमचं या चित्रपटावरचं प्रेम थोडं निराळं आहे, त्यात बग्जला लहान करणारं काही आहे हे आमच्या ध्यानात येण्याची शक्यताच नव्हती.

एक गाठ मात्र मला सुटत नाही. चित्रपटाचं सर्वांत गाजलेलं गाणं आर. केलीचं आहे. त्याला 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने लैंगिक शोषणाच्या गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी 30 वर्षांची शिक्षा झाली. अंगणातल्या त्या बापलेकांच्या प्रसंगावर तोच आवाज आहे. प्रसंग तितकाच सुंदर आहे आणि गाणं ऐकवत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

‘स्पेस जॅम’ने जगभर 20 कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला आणि त्यातून स्टुडिओने चुकीचा धडा घेतला. जो दांते यांनी 2003 मध्ये ‘लूनी ट्यून्स: बॅक इन अ‍ॅक्शन’ केला. दांते जुन्या कार्टूनांचे सच्चे भक्त, आणि त्यांनी एरिक गोल्डबर्ग यांच्यासारखा अ‍ॅनिमेटर सोबत घेतला. त्यात एल्मर बग्ज-डॅफीचा पाठलाग करत लूव्रमधल्या चित्रांत शिरतो. दालींच्या वितळत्या घड्याळांत शिरल्यावर तिघेही वितळायला लागतात, सरा या चित्रकाराच्या ठिपक्यांच्या चित्रात गेल्यावर एल्मर ठिपक्यांचा होतो आणि पंख्याच्या वाऱ्याने विखरून जातो. 1996 नंतर मोठ्या पडद्यावर या पात्रांना मिळालेली ही सर्वांत श्रीमंत मिनिटं आहेत. चित्रपट आपटला, खर्चही भरून निघाला नाही. तेव्हापासून ‘चांगलं केलं तर चालत नाही’ ही समजूत पक्की झाली असावी.

2021 चा ‘स्पेस जॅम: अ न्यू लेगसी’ म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. लेब्रॉन जेम्सला घेऊन स्टुडिओने आपल्या मालकीच्या यच्चयावत पात्रांचं प्रदर्शन मांडलं. सामना बघायला जमलेल्या गर्दीत ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधले गुंडही उभे आहेत, मुलांच्या चित्रपटात. पहिल्या चित्रपटात निदान वडील गमावलेला एक माणूस होता. इथे बापलेकाची गोष्ट आहे, पण ती मालमत्तेच्या यादीखाली दबली आहे. बग्ज संपूर्ण चित्रपटभर भावुक असतो. भावुक बग्ज ही कल्पनाच टर्माइट टेरेसमध्ये कुणाला सुचली नसती.

आशेला जागा आहे, आणि ती थोडकी नाही. पीटर ब्राउनगार्ट यांच्या ‘लूनी ट्यून्स कार्टून्स’ या 2020 पासूनच्या छोट्या कार्टूनांनी पुन्हा काही मिनिटांची चौकट धरली. त्यांचाच ‘द डे द अर्थ ब्लू अप’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट मार्च 2025 मध्ये अमेरिकेत लागला. यात खेळाडू नाही, नट नाही, फक्त डॅफी आणि पोर्की, दोघांचाही आवाज एरिक बाउझा यांचा. डॅफी पुन्हा तीसच्या दशकातला ठार वेडा आहे आणि पोर्कीची सहनशक्ती हा सिनेमाचा कणा आहे. मधे तो ताणल्यासारखा वाटतो, दीड तास या पात्रांना झेपतो का हा प्रश्न उरतोच. पण प्रत्येक विनोद कुणाच्या तरी स्वभावातून येतो. वॉर्नरने तो स्वतः वितरितही केला नाही. केचप एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. त्याच महिन्यात वॉर्नरच्या स्ट्रीमिंग मंचावरून 1930 ते 1969 ची मूळ कार्टून काढून टाकण्यात आली. नव्या मुलाला ‘बेसबॉल बग्ज’ सहज दिसण्याचा रस्ता घरमालकानेच बंद केला, याचा मला मनापासून राग आहे. पात्रांच्या नावाचे चित्रपट काढायचे आणि ती पात्रं जिथे घडली ते काम नजरेआड करायचं, हे कलेच्या कुठल्याही प्रांतात कुणी खपवून घेऊ नये.

‘कायोटी व्हर्सेस अ‍ॅक्मे’ची कहाणी तर याहून विचित्र. तयार झालेला हा चित्रपट 2023 च्या नोव्हेंबरात स्टुडिओने करसवलतीसाठी कायमचा बासनात टाकायचं ठरवलं. तो करणारे आणि पाहू इच्छिणारे इतके संतापले की माघार घ्यावी लागली, आणि मार्च 2025 मध्ये तोही केचपने विकत घेतला. प्रदर्शनासाठी ऑगस्ट 2026 जाहीर झाला. कल्पना 1990 च्या एका विनोदी लेखावरून घेतली आहे: आयुष्यभर अ‍ॅक्मेची सदोष यंत्रं मागवून मोडलेला कायोटी कंपनीवर खटला भरतो. इथे पहिल्यांदा कथा पात्राच्या कायद्यातून उगवते आहे. कायोटीला रोड रनर कधी मारत नाही, त्याला मारतो त्याचा हट्ट आणि अ‍ॅक्मेचा माल, हेच तर त्या मालिकेचं सूत्र. वकील माणूस आहे, म्हणजे पुन्हा रक्तामांसाची माणसं आणि चितारलेली आकृती एका खोलीत. चितारणाऱ्यांकडून मला एवढंच हवंय की कायोटीला साक्षीच्या पिंजऱ्यातही बोलायला लावू नका. त्याच्या हातात लाकडी पाट्या द्या, आणि पाटी वर धरल्यावर न्यायाधीशाने ती वाचेपर्यंत कॅमेरा हलवू नका.